पावाच्या बाळाचा धर्मबाप

सिक्वानी, १९ ऑक्टोबर

प्रिय इलारियो,

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच तुला कोम्पाद्रे न म्हणता नावानं हाक मारते आहे. दचकू नकोस, कारण पुढे येईलच. तुझा फोनवरचा निरोप मिळाला. "कोमाद्रे, सगळ्या संतांचा सण यंदा शनिवार-रविवारीच आलाय. मी, पामेला आणि सासूबाई लिमाहून येतोय. दोन दिवसांचा झकास बेत आखून दे. आणि पामेलाला पावाच्या बाळाचा बाप्तिस्मा बघायचाय, तेवढं जमवच." खाली तीन हसरे चेहरे. मी फोनवर उत्तर दिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेऊन बसले. सोबत एक डबा पाठवते आहे. तो पत्र वाचून झाल्यावर उघड.

मुलाचा धर्मबाप तो आपला कोम्पाद्रे, त्याच्या शब्दाला नाही म्हणायचं नसतं, ही माझ्या आईची शिकवण. तेव्हा कपाळाला आठ्या घालून का होईना, मी लगेच कामाला लागले होते. चौकातल्या हॉटेलात मागच्या बाजूच्या दोन खोल्या धरल्या, कारण पुढच्या खोल्यांखाली मोटोटॅक्सीवाले दिवसभर भोंगे वाजवतात. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. नऊला उठून आरडाओरडा करायचा नाही, हे तुझ्या लिमाच्या बायकांना आधीच सांगणार होते. इथली उंची बाधू नये म्हणून शनिवारी कुठे हिंडायचं नाही, कोकाच्या पानांचा चहा पिऊन पडून राहायचं. हे तुलाही लागू. तुझ्या वडिलांच्या मातीला आलास तेव्हा "मी इथलाच आहे" म्हणत ताडताड चढ चढलास आणि स्मशानाच्या फाटकाशी भडाभडा ओकलास, अख्ख्या गावानं पाहिलं. रविवारी सकाळी बाजार, मग गरम झऱ्यांवर अंघोळ, दुपारी भाजलेलं डुक्कर आणि मक्याचे वाफवलेले तमाल. सासूबाईंना तिखट चालतं का, ते विचारायचं म्हणून वहीत लिहूनही ठेवलं होतं.

बाप्तिस्म्याचं तेवढं घशाखाली उतरेना. एकवीस वर्षांपूर्वी याच सणाला माझ्या वडिलांच्या भट्टीत मी हातभर लांबीचं पावाचं बाळ भाजलं होतं. दुधात मळलेलं पीठ, छातीवर मनुकांची बटणं. त्याला लावायचा रंगवलेला प्लास्टरचा चेहरा बाजारात तासभर उभी राहून निवडला, कारण मला तुझ्यासारख्या जुळलेल्या भुवया हव्या होत्या. तीन वर्षं आपण बरोबर हिंडत होतो, माझ्या पेटीत लग्नाच्या चादरी भरून झाल्या होत्या. चेष्टेच्या बाप्तिस्म्यात बाळाची आई मी आणि बाप तू, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही सांगावं लागलं नसतं. आपला सातुर्निनो बहिणीचा काळा घागरा गळ्यात अडकवून पाद्री झाला होता. बीअरमध्ये बुचकळलेली फुलं सगळ्यांवर झटकत तो ओरडला, "अरे, या कार्ट्याला धर्मबाप कोण? इलारियो, हो पुढे!" आणि तू माझ्या शेजारून दोन पावलं सरकलास आणि माझ्या समोर जाऊन उभा राहिलास. लोक पोट धरधरून हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

आई हसली नाही. "पावाचं का असेना, त्याच्यावर पाणी पडलं, नाव पडलं. आता तो तुझा कोम्पाद्रे. मुलाच्या आईनं धर्मबापाशी लग्न करणं म्हणजे पाठच्या भावाशी करणं. मेल्यावर तुम्हाला माती घ्यायची नाही, बाई." मी तशीच धावत तुझ्याकडे आले. तू हसशील, "म्हातारीचं काय ऐकतेस" म्हणशील, अशी खात्री होती. तू टोपी हातात गोलगोल फिरवत म्हणालास, "काय करणार कोमाद्रे, देवाच्या मनातच नव्हतं." नाताळच्या आत तू लिमाच्या बसमध्ये बसलास. दोन वर्षांनी तुझ्या लग्नाची पत्रिका आली, वर लिहिलेलं, "लाडक्या कोमाद्रेला". मी बदामाची बिस्किटं भाजून पाठवली.

किती जणांना दोष दिला मी! देवाला दिला. आईला दिला, ती गेली तेव्हा तिच्यासाठी धड रडलेसुद्धा नाही. पीठ मळणाऱ्या या हातांना दिला. शाळेतल्या मास्तरांनी मागणी घातली तर त्यांना परत पाठवलं, कारण माझं मन तुझ्यापाशी होतं. मला वाटायचं, तूही बिचारा तिकडे माझ्यासारखाच अडकलेला असशील. दोष दिला नाही तो फक्त तुला.

गेल्या गुरुवारी तुझ्याच कामासाठी सातुर्निनोच्या गॅरेजवर गेले. म्हटलं, "बाबा रे, घागरा बाहेर काढ. पुन्हा पाद्री व्हायचंय, इलारियो येतोय." त्यानं पाना खाली ठेवला आणि हात पुसत बसला, ते पुसतच बसला. मग म्हणाला, "दोमी, माझ्याच्यानं आता ते व्हायचं नाही. तेव्हा आदल्या दिवशी त्यानंच मला गाठलं होतं. म्हणाला, धर्मबाप म्हणून माझं नाव पुकार, म्हणजे तिला तोंडावर नको म्हणायची पाळी यायची नाही. मला वाटलं, भांडला असाल दोघं, घ्याल मिटवून. पुढं सांगायला तोंडच राहिलं नाही गं."

बेत आखण्यात तुझा हात कोण धरणार, इलारियो! तोंडावर नको म्हणाला असतास तर महिनाभर रडले असते, चार शिव्या घातल्या असत्या आणि उठून भट्टी पेटवली असती. तेवढंही तुला जमलं नाही. दिवसभरात शिळा होणाऱ्या पावाच्या आड लपलास, आणि मी त्या पावापायी एकवीस वर्षं काढली. चेष्टेतला बाप्तिस्माही लागतो, हे आईचं म्हणणं मी निमूट मानलं. फसवून दिलेला लागत नाही, हे मात्र मी माझं ठरवलं आहे, कुणाला विचारायला गेले नाही. म्हणजे मी तुझी कोमाद्रे कधी नव्हतेच, आणि जी कोमाद्रे नाही तिला नाही म्हणता येतं. हे पत्र तेवढ्यासाठीच. नाही. हॉटेलच्या खोल्या सोडल्या आहेत. सणाला भट्टीवर गर्दी असते, तिथे तुझं तोंड दाखवू नकोस. आता डबा उघड. बाळ त्या दिवशी सगळ्यांनी तोडून खाल्लं, पण त्याचा चेहरा मी चादरींच्या पेटीत जपला होता. तो पामेलाला दाखव. भुवया कुणासारख्या आहेत ते ती बघताक्षणी ओळखेल, आणि विचारेल. या वेळी सातुर्निनोला पुढे करता येणार नाही. तिच्या तोंडावर तूच सांग.

तुझी कुणीच नसलेली,
दोमितिला