बारा भागांत एक भाग चांदी

अमरावती, ३ ऑक्टोबर १८६४
बरेच दिवस लिहिले नाही, याबद्दल स्वतःचीच क्षमा मागतो. कोणीतरी ही वही वाचते असा संशय आल्याने ती लपवली होती. जागा मलाच आठवेना. आज ज्वारीच्या कोठीत सापडली.

अकोल्याहून पोर्तुगालचे नाणे आणले. कापसाच्या एजंटाकडच्या गोव्याच्या कारकुनाने विकले. दिनिस राजाचे, साडेपाचशे वर्षांपूर्वीचे, नखाएवढे, काळे. एका बाजूस क्रूस, दुसरीस पाच ढाली. मुंबईहून मागवलेल्या पुस्तकाप्रमाणे बारा भागांत एक भाग चांदी, बाकी तांबे. चांगली चांदी लोकांनी पुरून ठेवली. हे गरिबांच्या मुठीत झिजले. संग्राहकाला मोह पडतो तो याचाच.

सौ. दुर्गाने किंमत विचारली. सांगितली. म्हणाली, कापसाच्या पैशानं लोक यंदा गाडीच्या चाकाले चांदी ठोकून राहिले, अन् तुमी म्हशीच्या किमतीत चांदी नसलेली चांदी आनली!

भिंग काढून नाणे पाहू लागलो. संशोधकाने वाद घालू नये.

५ ऑक्टोबर
वकील मोरोपंत आले. जुने स्नेही. नाणे फार वेळ हातात धरून बसले. खरंच इतकं जुनं, असे दोनदा विचारले. दोनदा का?

मी संशयी आहे काय, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारले. नाही. सावध आहे.

नाणे देव्हाऱ्यातल्या समईच्या बुडाखाली ठेवले. तिथे कोण हात घालतो?

८ ऑक्टोबर
घरात दसऱ्याची घासपूस. पूजेची भांडी, चिंचेचे पाणी, अंगणभर पसारा. मी बाहेर असताना मोरोपंत येऊन गेले. देव्हाऱ्यापाशी बसून प्रसाद खाल्ला म्हणे. यांना भक्ती कधीपासून?

९ ऑक्टोबर, सकाळ
घात! समईखाली नाणे आहे, पण पांढरे शुभ्र. माझे काळे होते. एवढीशी चांदी अशी चमकेल कशी? कोणीतरी चांदीची नक्कल ठेवून अस्सल नेले.

मोरोपंतांकडे गेलो. आरोप केला नाही. अंगरखा जरा झटकता का, एवढेच सभ्यपणे विचारले. म्हणाले, हरिहरपंत, वीस वर्साची दोस्ती, अन् आज माही झडती घेता? घ्या! अंगरखा काढून माझ्या अंगावर फेकला, पागोटे सोडून दाखवले आणि दार लावून घेतले.

पागोट्याचे मी म्हटले नव्हते. इतकी तत्परताही संशयास्पदच.

दुपार
पुरावा हवा. छिन्नीने नाणे मधोमध तोडले. नक्कल असेल तर आतही पांढरेच निघेल.

आत लाल तांबे.

दुर्गा म्हणाली, काहून तोडली हो ती टिकली? समईखाली काळी पडली होती, मीच भांड्यायसंगं चिंचेत उकळली. कशी उजळली होती!

म्हणजे चिंचेने वरचे तांबे खाल्ले, चांदी राहिली. पुस्तकात चिंच नाही. पुस्तक अपुरे असल्याचे मुंबईस कळवावे, असे क्षणभर वाटले.

मोरोपंत काल कशाला आले होते, हेही विचारले. दुर्गाने फडताळातून मखमलीची डबी काढली. म्हणाली, तुमच्या नाण्यासाठी मोरोपंतायनं बनवून आनली; दसऱ्याले द्या, तोवर त्यायले सांगू नका, म्हणाले होते.

डबीत दोन्ही तुकडे नीट बसतात.

उद्या दसरा. आपट्याची पाने आणि मोरोपंतांचा अंगरखा घेऊन त्यांच्याकडे जाणे.