न दिलेलं घेऊ नये

३ नोव्हेंबर

ठरलं! उद्यापासून मी धर्माने वागणार. हसायचं नाही हं, मी मनापासून सांगतेय.

देवळात प्रवचन करणारे एक आजोबा आज दुकानात आले होते, शाल ड्रायक्लीनिंगला टाकायला. पावती फाडता फाडता मी विचारलं, "आजोबा, ते हजारो वर्षांपूर्वीचे नियम आमच्यासारख्यांना लागू पडतात का हो? आम्ही आपली डाग काढणारी माणसं." म्हणाले, "पाचच तर आहेत, बाई. मारू नये, खोटं बोलू नये, न दिलेलं घेऊ नये, देहाच्या मोहात वाहवत जाऊ नये, साठवू नये. एकेक करून बघा. काही जड जात नाही."

जड जात नाही! आजोबांनी कधी काउंटर सांभाळलेला नाही. चौथ्या नियमाला मी तूर्तास हात लावणार नाही — लग्नाला अजून वर्ष व्हायचंय!

४ नोव्हेंबर

मारू नये. नेमकी आजच लोकरीच्या कपाटात कसर निघाली! मालकीणबाई म्हणाल्या, "फवारा मार." मी एकेक किडा कागदावर उचलला आणि खिडकीतून सोडून दिला. समोर शिंप्याची खिडकी आहे. तिथे गेले असतील तर तो त्याच्या धर्माने वागेल.

५ नोव्हेंबर

खोटं बोलू नये. एका गिऱ्हाइकाने कोट पुढे केला. "डाग जाईल ना?" म्हटलं, "डाग नाही जायचा. पण कोट गेला तरी चालेल, इतका जुना झालाय." दुपारपासून मालकीणबाईंनी मला मागे इस्त्रीवर उभं केलंय. तिथे बोलायलाच कुणी नाही, त्यामुळे नियम उत्तम पाळला गेला.

६ नोव्हेंबर

तिसरा नियम घरी आणला. जेवताना जाहीर केलं — आजपासून या घरात कुणी कुणाचं काहीही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही!

नवऱ्याला तेवढंच हवं होतं. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्त्या करणारा माणूस, घरी आला की तोंडाला विश्रांती नाही. "मग श्वास घेऊ का? झोप घेऊ का? आणि काल तू माझी फिरकी घेतलीस, ती मी दिली होती का?" मी म्हटलं, "जांभई मात्र खुशाल दे. देण्यावर बंदी नाही!" हसून हसून पाणी नाकात गेलं.

बाईसाहेबही हसल्या. बाईसाहेब म्हणजे त्याची मुलगी, वय वर्षं पंधरा. तिची आई ती लहान असतानाच गेली. हसता हसता म्हणाली, "मला सोपं आहे. तुमचं काही मी न विचारता घेतच नाही."

खरंच नाही घेत. "तुमची कात्री घेऊ का?" "तुमची एक टाचणी घेऊ का?" पाहुण्यासारखी! बापावर खेकसते, "अरे बाबा, चार्जर कुठे टाकलास?" आणि मला अहो-जाहो. आई म्हण असं माझं म्हणणंच नाही, तिची आई तिची आहे. पण एकदा, एकदाच, तिच्या तोंडून 'अगं' ऐकायचंय मला. ते काही मागून मिळत नाही. आणि न दिलेलं घ्यायचं नाही, हा तर माझाच नियम! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

७ नोव्हेंबर

नवरा प्रत्येक घासाला विचारतोय. "आपल्या ताटातला हा तुकडा घेऊ का?" एरवी न विचारता पळवतो आणि मी ओरडते. आज विचारलं तर कसंतरीच वाटलं. कुणाच्या घरी जेवायला आल्यासारखं.

८ नोव्हेंबर

रजा हवी म्हटलं. मालकीणबाई म्हणाल्या, "मी देईन तेव्हाच घ्यायची. तुझाच नियम ना?" बातमी दुकानात पोचवली कुणी!

१० नोव्हेंबर

फजिती. फजिती कसली, माती केली मी.

नवरा कुठल्याशा बंद पडलेल्या लिफ्टपाशी अडकला, म्हणून शाळेत पालकांच्या सभेला मी गेले. बाईसाहेब शेजारीच उभ्या. वर्गशिक्षिकांनी हसून विचारलं, "तुम्ही हिच्या आई ना?" मला दुसरा नियम आठवला आणि तिसराही, दोन्ही एकदम! ताठ उभी राहून म्हणाले, "नाही. मी हिच्या वडिलांची बायको."

वर्गशिक्षिका गडबडल्या. पोरीचे कान लाल. रस्ताभर माझ्या चार पावलं पुढे चालली. जिन्यात एकदम थांबली. "असं का सांगितलंत? सगळ्यांसमोर?"

"ते नाव तू मला दिलं नव्हतंस ना, म्हणून."

"म्हणजे तुम्हालाच नकोय," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मला नकोय! मला!! जीव तुटतो माझा या पोरीसाठी, आणि मी दिवे लावले ते असे. नियम सांगण्याआधी माणसाला थोडी अक्कल वाटायची पद्धत हवी होती.

११ नोव्हेंबर

बाईसाहेब ताट घेऊन खोलीत जेवल्या. नवऱ्यालासुद्धा विनोद सुचत नाही.

१२ नोव्हेंबर

अरे देवा, काय सांगू! आजोबा शाल न्यायला आले, काउंटरवर तेवढ्यापुरती मीच होते. सही करायला माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं, सही केली, पेन खिशात, शाल खांद्यावर, निघाले! मी दारापर्यंत धावले. "आजोबा, पेन! न दिलेलं!" त्यांनी खिसा चाचपला आणि जीभच चावली. "अरेच्चा! माफ करा हं बाई. घरच्यासारखं वाटतं इथे, भानच राहिलं नाही."

घरच्यासारखं! इस्त्रीवर परतले तर ती तशीच ठेवून नाचावंसं वाटलं. ठेवली नाही, नाहीतर कुणाची तरी पँट गेली असती.

संध्याकाळी घरी गेले ती सरळ बाईसाहेबांच्या टेबलाशी. ती समोरच बसलेली. मी तिची पिवळी क्लिप उचलली आणि स्वतःच्या केसांत खोचली.

"ती माझी आहे."

"आहेच तुझी."

"विचारलं नाहीत?"

"नाही विचारलं."

तिने वही पुढे ओढली. क्लिप परत मागितली नाही. मी ती लावूनच स्वयंपाक केला. नवरा म्हणाला, "आज काय, बालवाडीत नाव घातलं का?" बोलू दे मेल्याला!

१४ नोव्हेंबर

चोरी! कपाट सताड उघडं, माझा नवाकोरा हिरवा स्वेटर गायब! मीसुद्धा अजून अंगाला लावला नव्हता. आणि खालून, जिन्यातून आवाज — "अगं, तुझा स्वेटर घातलाय! परत मिळेल अशी आशा ठेवू नकोस!"

धावत कठड्यापाशी गेले. वरूनच ओरडले, "बटणं सांभाळ गं!"