कासुर्डी केंद्राचा गठ्ठा

५ जानेवारी, सोम.
साहेबांनी आज सांगून टाकलं. दूध संघाला दोन रेकॉर्ड रूम परवडत नाहीत. शिरूरची बंद, सगळे कागद दौंडला. तिथं वैशाली बघेल. मी रिटायर होईपर्यंत इथंच आवक-जावक. "सुमनताई, तुम्हालाबी जरा आराम." आराम म्हणे! एकवीस वर्षं त्या खोलीतली धूळ खाल्ली ती आरामासाठी?
आणि वैशालीला काम शिकवलं कुणी? गठ्ठा बांधायचा लाल रुमाल कसा पसरायचा, कागद ठोकून सरळ कसे करायचे, वर गाठ कशी मारायची. कायम ठेवायचं ते अ, रद्दीत जायचं ते ड, एवढंसुद्धा माहीत नव्हतं पोरीला.

७ जाने., बुध.
वै. आली. आधी पाया पडली. काही गरज नव्हती.
दौंडला म्हणे चाकावर सरकणारे रॅक आलेत. टॅबवर नाव टाकलं की गठ्ठा कुठं आहे ते दिसतं. साहेब शेजारी उभे राहून बघत होते. मी इतकी वर्षं डोळे मिटून फाइल काढून देते, ते कुणी कधी उभं राहून बघितलं नाही.
माझे गठ्ठे सोडून, तपासून, पुन्हा बांधतेय. बुटाच्या नाडीसारखी गाठ. "ताई, तुमची गाठ लई अवघड वो, नखं तुटत्यात." सगळे हसले. मीपण हसले.
जळतेय मी. सरळ लिहिते, इथं कोण वाचतंय.

९ जाने., शुक्र.
निम्मं झालं. दाराच्या डावीकडं ठेवायचे गठ्ठे, उजवीकडं रद्दी. यादीच्या पानापानावर तिची सही. माझी कुठंच नाही.
चहा आला. तिच्या बशीत बिस्किटं, माझ्या नाही. या वयात बिस्किटांवरून… जाऊ दे.
कासुर्डी दूध संकलन केंद्राचा गठ्ठा निघाला. "ताई, ह्यो कायमचा ना? जागेचं कागद हायेत." हो म्हटलं. तिला माहीत होतं. उगाच माझा मान ठेवायला विचारलं. त्याचाच जास्त राग आला.

१२ जाने., सोम.
लिहू की नको.
दुपारी वै. जेवायला गेली होती. कासुर्डीचा गठ्ठा सोडला, तिनं आत ठेवलेली 'अ'ची चिठ्ठी काढली, बांधला आणि उजवीकडच्या ढिगात मधोमध घातला. कधीतरी कुणी मागेल. सापडणार नाही. यादीवर सही तिची, बोलणी तिला बसतील. एवढंच मनात होतं.
संध्याकाळी दोन्ही ढीग टेम्पोनं दौंडला गेले. रद्दी तिथून पुढच्या बुधवारी कागद कारखान्यात लगद्याला जाणार.
जेवण गेलं नाही. गेलं, खोटं कशाला लिहू. दोन भाकरी खाल्ल्या.

१४ जाने., बुध.
संक्रांत. वै.नं टेम्पोवाल्याच्या हाती तिळगूळ पाठवला. गठ्ठ्यांसारखं डब्यावरही छापील लेबल : सुमनताई, शिरूर. हसू आलं, मग चीड आली. वड्या चांगल्या झाल्यात.

१६ जाने., शुक्र.
कासुर्डीचे आप्पा आले. इतक्या लवकर कुणी येईल असं वाटलं नव्हतं.
त्यांच्या वडिलांनी केंद्रासाठी रस्त्याकडेची जागा संघाला दिली होती. केंद्र कधीच बंद पडलं, आता संघ जागा विकायला निघालाय. "म्हाताऱ्यानं कागद केला व्हता बाई. केंद्र मोडलं तर जागा आमची. आमच्याकडला कागद वाळवीनं खाल्ला. तुमच्याकडं हाय का बगा."
सगळं दौंडला गेलं, म्हटलं.
"आसं व्हय? मी म्हनलं सुमनताईंकडं जावं. त्या डोळं झाकून काढून देत्यात म्हनं."
टोपी मांडीवर ठेवून बसले होते. कुणीतरी हे त्यांना सांगितलं असणार. म्हणजे लोक बोलतात तर माझ्याबद्दल. आजच कळायचं होतं.

१९ जाने., सोम.
वै.चा फोन. "ताई, यादीत हाय आन् रॅकला न्हाई. मी सोता बघितला व्हता वो." रडवेली. याच आवाजाची वाट बघत होते आठवडाभर. ऐकून काही गोड वाटलं नाही.
मग साहेबांनी तिला फोन लावला, माझ्यासमोर. आता झापतील, म्हटलं. तर कसलं काय! "सापडत न्हाई? मग न्हाई म्हणून पत्र द्या की. बुधवारी बोलवा आप्पांना. तुम्ही काळजी करू नका." फोन ठेवून मला म्हणतात, "हुशार हाय पोरगी."
कागद नाही म्हणजे जागा विकायला मोकळे. मी तिचं वाईट करायला गेले, तर त्यातूनही तिचंच कौतुक. आणि आप्पांची जागा गेली. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं?

२० जाने., मंगळ.
रजा टाकली. दौंडची एसटी. पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांमागं अर्धा तास.
रॅक बघितले. एका बोटानं चाक फिरतं. दोनदा फिरवून बघितलं. हेवा वाटला, दुसरा शब्द नाही.
"रद्दी दाखव," म्हटलं. तिनं कुलूप काढलं. ढीग इथं होता तसाच तिथं रचलेला. मी शोधलंच नाही, सरळ ढिगात मधोमध हात घातला. गठ्ठा ओढून काढला आणि तेव्हा मलाच दिसलं. बाकी सगळ्या गठ्ठ्यांना तिची नाडीची गाठ. याला माझी. हातानं सवयीनं मारली होती.
वै. गाठीकडं बघत राहिली. मग खाली बसून सोडली, नख न तुटता. येते तिला अजून.
कागद आत होता. खाली आप्पांच्या वडिलांचा अंगठा.
तिनं रजिस्टर काढलं. गठ्ठा सापडला, तारीख, सही. 'कुठे व कसा' हा रकाना मोकळा ठेवून रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. "हे तुमी लिवा, ताई. ते भरल्याबिगर नक्कल देता येत न्हाई. तुमीच शिकवलंय."
"आणि साहेब?"
"त्येंचं मी बघते. आप्पा उद्या अकराला येनार हायेत."
उद्या लिहिते, म्हटलं. "बरं," म्हणाली. चहा दिला. बशीत बिस्किटं.
ओरडायला हवं होतं तिनं. मी ओरडले असते. ती ओरडली असती तर मला निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

२१ जाने., बुध.
पहाटे उठले. पहिली गाडी सातची.
खरं लिहिलं तर माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. आणि साहेबांना न जुमानता आप्पांना कागद मिळवून दिला म्हणून कासुर्डीत नाव तिचंच होईल. तेही खुपतंय, अजून. 'नजरचुकीने' असं लिहिलं तर चूक सहीवालीची, म्हणजे तिची. मोकळं सोडलं तर आप्पा हात हलवत परत जातील, टोपी घालून.
पर्समध्ये तिचं पेन आलंय, काल चुकून. त्यानंच लिहून बघतेय.
गठ्ठा रद्दीच्या ढिगात सापडला. तो तिथे मी