मागच्या खोलीतला वर्ग कोणाला द्यावा

मी, या घरातली धाकटी मुलगी, व्यवसायाने वाचन शिकवणारी, उद्याच्या शस्त्रक्रियेआधी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी स्वतःची तेवढी खात्री नाही, पण कायद्याला त्यांची चालते.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती जपून ठेवू नये, स्वतःवर खर्चावी.

२. वर्गातली कात्री आत्याला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. आत्या म्हणाली, "देतेस कसली? माझीच आहे ती. परत कर." केली.

३. मागची खोली वडिलांनी माझ्या नावे केली. तिथे मी मुलांना अवघड उतारे वाचायला शिकवते. दादाला तिथे गोदाम हवे आहे. दादा, रागावू नकोस, पण नाही.

वर्ग कोणी चालवावा, इथे माझे घोडे अडते. आत्याने मला घरीच शिकवले ते असे: उताऱ्याच्या पट्ट्या कापायच्या, मिसळायच्या आणि पुन्हा लावताना शोधायचे की मुद्दा कोणता, पुरावा कोणता, लेखक कुठे वळतो. दादाच्या बायकोने, म्हणजे वर्गात मला मदत करणाऱ्या वहिनीने, परीक्षेआधी पट्ट्यांच्या मागे गुपचूप क्रमाचे आकडे घातले. मुलांनी चुटकीसरशी उतारे लावले.

"बघा नणंदबाई, जमलं की नाही?"

"काय जमलं? एक, दोन, तीन?"

"तुमच्या वर्गात पोरं रडायची. आता निदान येतात तरी."

तेही खरे आहे. मला काहीच ठरवता येत नाही.

४. तरी खोली आणि वर्ग वहिनीला, आकडे न घालण्याच्या अटीवर. अट मोडल्यास खोली दादाकडे जावी.

५. इथवर आत्याला वाचून दाखवले.

"मुद्दा काय गं यातला?"

"वर्ग बंद पडू नये."

"मग चौथं कलम काय म्हणतंय? एक आकडा पडला की गोदाम! दादा स्वतःच येऊन घालेल."

मी हे दुसऱ्यांना शिकवते आणि मला दिसले नाही. चौथ्या कलमातली अट रद्द. खोली आणि वर्ग बिनशर्त वहिनीचे.

फक्त एक विनंती, वहिनी. आकडे घातलेच, तर दोन चुकीचे घाल.

सही: धाकटी
साक्षीदार: आत्या, शेजारचे घड्याळजी (यांनी न वाचता सही केली, हे मला पटलेले नाही)
ठिकाण: मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, वर्ग सुटल्यावर