कॅरलवाले आले तेव्हा

१४ डिसेंबर, शनिवार
शुक्रवारी चर्चचे कॅरलवाले नाताळची गाणी म्हणायला आमच्या घरी येणार. इकडे तमिळ मुलखात, अण्णा नगरात आल्यापासून पहिल्यांदाच! चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, देवसहायम अंकल, त्यांनी संदेशही माझ्याच गळ्यात घातला. पाच मिनिटं, इंग्रजीत. विषय – देव देहात का आला.

पप्पांना सांगितलं. तिकडे अहमदनगरकडच्या चर्चमंडळ्यांमध्ये जन्मभर उपदेश केलेला माणूस. म्हणाले, "सोपं आहे. देवाचंही ढुंगण कुणीतरी धुतलं, एवढं सांग." मी म्हटलं, पप्पा, लोकांसमोर असं बोलत नाहीत.

१६ डिसेंबर, सोमवार
इरुंगाट्टुकोट्टैला कंपनीच्या कँटीनमध्ये माझ्यासोबत काम करणारी ऋजुता म्हणाली, "आमच्याकडे दहा अवतार, तुमच्याकडे एकच?" म्हटलं, "हा काम उरकून परत जायला आला नव्हता. भूक, ताप, मरण – सगळं आपल्यासारखंच भोगलं. देहाची लाज धरली नाही त्यानं." मी स्वतःवरच खूश! संदेशात हेच घालायचं ठरवलं.

घरी आलो तर पप्पांची चादर ओली. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना लघवीचं भान राहत नाही. "आधी सांगता येत नाही का?" म्हणून ओरडलो. नाही येत. मला माहीत आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार
झालं एकदाचं. कसं लिहू?

लोक यायच्या तोंडावर पप्पांचा पायजमा पुन्हा ओला. माझी बायको कमलिनी म्हणाली, "पटकन बदलते, बसू दे त्यांना बाहेर." मी म्हटलं, वास येतोय. त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. कडी! स्वतःच्या बापाला!

गिटार, लाल टोपीतला ख्रिसमस तात्ता, म्हणजे इथला सांताक्लॉज, घरभर माणसं. अंकलनी पप्पा कुठे आहेत म्हणून विचारलं, "अप्पा एंगे, तंबी?" म्हटलं, झोपलेत. मग उभा राहून सांगू लागलो, की देवाला माणसाच्या देहाची किळस आली नाही. तेवढ्यात आतून दारावर थाप. "संजीव." हळूच. परत, "संजीव." मी आवाज चढवला. कमलिनी सगळ्यांदेखत उठली, कडी काढून आत गेली.

अंकलनी पाठ थोपटली. छान बोललास म्हणाले. मी थँक यू म्हटलं.

२१ डिसेंबर
कमलिनी बोलत नाही. पप्पा बोलतात, नेहमीसारखंच. त्याचा जास्त त्रास होतो.

२३ डिसेंबर, सोमवार
लाज जात नाही. दाढी करताना आरशात बघवत नाही.

आज पप्पांना मीच आंघोळ घातली. पाठीला साबण लावताना म्हटलं, पप्पा, माझं चुकलं. समोरून म्हणायचं धाडस झालं नाही. ते म्हणाले, "संदेश चांगला झाला. आत ऐकू येत होता." यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

टॉवेल गुंडाळताना सांगितलं, नाताळला चर्चमध्ये माझ्याशेजारी बसायचं, पहिल्या बाकावर. काही झालं तरी चालेल. "बघू," म्हणाले.

२५ डिसेंबर
निघताना पप्पांचे ओठ पार सुकलेले. पाण्याचा पेला पुढे केला तर तोंड फिरवलं. कमलिनी म्हणाली, "कालपासून घोटभरही घेतलं नाही त्यांनी. तुझ्याशेजारी बसायचंय ना."