वेल उतरवायला तू नाहीस

प्रिय सुमन,

उद्या पानमळ्यातली वेल उतरवायची आहे, म्हणून लिहायला बसलो. लग्नापासून हे काम मी एकट्याने कधी केलं नाही. ते दोघांचंच काम! आधाराच्या शेवरीच्या झाडावर चढलेल्या वेलीच्या गाठी मी वरून सोडायच्या. तू खाली बसून ती झेलायची, गुंडाळी करून मातीत पुरायची, शेंडा तेवढा वर ठेवायचा. मग तीच वेल पुन्हा चढायची. "येऊ द्या हळू," असं तू खालून म्हणायचीस. उद्या कोण म्हणेल?

मागच्या आठवड्यात एक गडी लावून पाहिला. त्याने वेल अशी ओढली, जशी विहिरीतून बादली! चहा पाजून परत पाठवला. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तुझ्या माहेरी पिढ्यांचा पानमळा, मी कापसाच्या घरातला. मला कोणी शिकवलं नाही. बघून शिकलो, वाचून शिकलो. वेल शेवरीला बांधायची लव्हाळ्याच्या पातीची अशी गाठ, ढिली नाही आणि काचणारीही नाही, आजही गावात दुसरा कोणी बांधत नाही. तू मात्र टोमणा मारायचीस, "का जी, तुमचं पुस्तक वेलीले वाचता येते का?"

मग विहिरींचं पाणी खोल गेलं. पानाचं गिऱ्हाईक गुटख्याने नेलं. शेजारचे मळे एकामागून एक उपटले गेले, तिथे सोयाबीन आलं. मी छाती काढून म्हणालो, आपली एक ओळ मोडणार नाही! तू मळ्याच्या तोंडाशी चपला काढत होतीस. आत अनवाणीच जायचं, देवाची जागा ती. न वळताच बोललीस, "देवाजवळ लय वेळ आहे. आपल्याजवळ नाई. मंग जेवढं निभते तेवढंच ठेवा ना, पण नीट ठेवा."

मी तिरकसपणे विचारलं, "आणि तू नसलीस तर वेल कोण झेलणार?"

"माह्या आजाच्या आधीपासून जो झेलून राहिला, तोच."

एवढं ठाऊक होतं, म्हणून का इतक्या घाईने निघालीस? दवाखान्यात मी डॉक्टरांना एकेका गोळीचं नाव विचारत उभा, आणि तू मला जवळ बोलावून काय सांगितलंस? "शेंडा वर ठेवजा." बस! नवऱ्याशी शेवटचं बोलणं असं असतं का गं?

घरात आता भांडंही वाजत नाही. माझी चूक काढायलाही कोणी नाही. अचलपूरच्या बाजारात पानाचे व्यापारी सलीमभाई करंडी उघडतात, वरचं पान उलटून पाहतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "भाभीने लगाया था ना ये?" मी मान हलवतो.

आज विहिरीत दोर सोडून पाहिला. पाणी अर्ध्याच मळ्याला पुरेल. संध्याकाळभर ओळीओळीतून फिरलो, अनवाणी. कुठली सोडू? शेवटी ठरवलं. विहिरीजवळच्या, तू लावलेल्या ओळी ठेवतो. बाकीच्या जाऊ देतो. मान खाली गेली, पण तुझी वेल दरवर्षी खाली येते. तिला कुठे लाज वाटते?

उद्या वर चढून गाठी सोडीन, उतरून गुंडाळीन, पुन्हा चढीन. वेळ लागेल, लागू दे. जेवढी उतरवीन, तेवढ्या वेलीचा शेंडा वर राहील, हा माझा शब्द. माझ्या गाठी सुटतील त्या दिवशी मात्र तू खालून एकदा म्हण, "येऊ द्या हळू."

तुझाच,
नारायण