बिनचिठ्ठीची बरणी

ता. ९ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलं की तू रडतेस, मग मी रडते, आणि कामाचं तसंच राहून जातं. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात निदान दोघींनी एकाच वेळी रडायची सोय नाही.

आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं. झटक्यानं गेलेली उजवी बाजू अजून तशीच आहे आणि शब्द तर अजिबात फुटत नाही. तिची खाट मधल्या खोलीत, पार्लरच्या भिंतीला लागून ठेवली आहे, म्हणजे गिऱ्हाईक खुर्चीत असलं तरी दारातून मला ती दिसते. तुझे भाऊजी म्हणाले की पार्लर महिनाभर बंद ठेव. मी म्हटलं, मग दिवसभर मी तुमच्याकडे बघत बसू का?

आता मुद्द्याचं. इतके दिवस उताणी पडून आईच्या केसांची मागच्या बाजूला एकच जट झाली आहे. मानेपासून टाळूपर्यंत, तळहातापेक्षा मोठी. हॉस्पिटलात कुणी फणी लावली नाही, आणि मी गेले की तिच्या नळ्या-सुया बघण्यातच माझा वेळ जायचा. रोज सकाळी येणाऱ्या नर्सबाई म्हणतात की खालची कातडी ओलसर राहतेय, जखम होईल, सरळ कापून टाका. त्यांचं चूक नाही. पण ठमे, आई कापू देत नाही. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस असेच कापले होते आणि दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी झाली. आईनं ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलंय की केस कापले म्हणजे आपली पाळी आली. बोलता येत नाही, पण पार्लरमधून कात्रीचा आवाज आला की तिचा डावा हात उचलून डोक्याशी जातो आणि जट घट्ट धरतो. आता मी मधलं दार लावून केस कापते. म्हणजे ती दिसावी म्हणून खाट तिथं ठेवली, आणि आवाज जाऊ नये म्हणून दार लावलं. आहे की नाही शहाणपणा?

बाजारात मिळणारी दोन-तीन डीप कंडिशनरं लावून पाहिली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. तू इतकी वर्षं त्या कारखान्यात हेच ढवळतेस ना? मग मला सांग की खरं डीप कंडिशनर म्हणजे नेमकं काय. आणि नुसतं सांगू नकोस, बनवून पाठव. जट सोडवायला माझे हात आहेत, पण केस निसटायला तर हवेत.

आणि जमलं तर स्वतःच घेऊन ये. रागावून म्हणत नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई


ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू सांगितल्याप्रमाणे एकटीच रडले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या कारखान्यात कुणी मोठ्यानं देत नाही, कारण खपावर परिणाम होईल. बाजारातलं बरंचसं डीप कंडिशनर म्हणजे साधंच कंडिशनर असतं. त्यात जरा जास्त मेण घालून ते घट्ट करायचं, नळीऐवजी रुंद तोंडाच्या बरणीत भरायचं, आणि वर लिहायचं की दहा मिनिटं ठेवा. बोटाला जड लागलं की बायकांना वाटतं आत शिरलं. शिरत काही नाही. साधं कंडिशनर केसाच्या अंगावर बसतं, केसावरचे माशासारखे बारीक खवले दाबून धरतं, कंगवा सरकतो, आणि पुढच्या धुण्यात बरंचसं निघून जातं. तेही वाईट नाही. पण त्याला खोलवरचं म्हणणं म्हणजे दाराला रंग दिला आणि घर दुरुस्त केलं म्हणून सांगितलं, असं आहे.

खरं म्हणवून घ्यायचं तर त्यात असं काहीतरी हवं जे केसाच्या आत जाईल एवढं बारीक असेल. मोठं असलं तर कितीही महाग असो, बाहेरच बसणार. मग त्याला वेळ द्यायला हवा आणि ऊब द्यायला हवी, कारण उबेनं खवले थोडे उघडतात. म्हणून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. आणि नंतर धुतल्यावरही, एकदा नव्हे दोनदा धुतल्यावरही, केस मऊ राहिला तर ते आत गेलं म्हणायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या केसात कमी काय आहे ते आधी ठाऊक हवं. तहानलेल्याला जेवण आणि भुकेल्याला पाणी देऊन भागत नाही. हे मी नव्या मुलींना शिकवते आणि त्या जांभया देतात.

सोबतची बरणी खास आईसाठी बनवली आहे. प्रयोगशाळेतली आहे म्हणून वर आत काय आहे त्याची चिठ्ठी नाही. आईचे केस मी लहानपणापासून पाहिलेत, त्या हिशोबानं घातलंय सगळं. जटेवर भरपूर थाप, वरून गरम टॉवेल, तो गार झाला की दुसरा. अर्धा तास तरी राहू दे.

येण्याचं म्हणशील तर नवा माल बाजारात जायचा आहे आणि साहेब कुणालाच सोडत नाहीत. मला माहीत आहे, तू म्हणशील की ही उंटावरून शेळ्या हाकते. म्हण. पण बरणी चांगली आहे, ताई. आजवर बनवलेली सगळ्यात चांगली.

आईला माझा नमस्कार सांग, ऐकू येतं ना तिला? भाऊजींनाही.
आहे तो लोभ वाढता ठेव.
तुझी ठमी


ता. २५ जानेवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

बरणीत काय होतं? आधी हे कळव, बाकीचं नंतर.

तू लिहिलंस तसंच केलं. आईला बरं वाटत होतं. टॉवेलची ऊब लागली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि जटेवरचा हात स्वतःहून काढला. मी तिला सांगितलं की हे ठमीनं तुझ्यासाठी बनवलंय, तर ओठाचा चांगला कोपरा हलला. मला वाटलं, जिंकलो. धुतलं, वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर जट काथ्यासारखी कडक. आधी निदान बोट शिरत होतं, आता सुई शिरत नाही. मी टोकाकडून सोडवायला घेतलं तर केस सुटण्याऐवजी तुटायला लागले. बोटभर लांबीचे, पांढरेशुभ्र तुकडे सगळ्या उशीवर. ते मी तिच्या नजरेआड गोळा केले आणि अॅप्रनच्या खिशात कोंबले.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, दुसऱ्या कुणाची बिनचिठ्ठीची बरणी असती तर आधी एका बटेवर लावून पाहिली असती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर मी कधीच असं उघडून थापत नाही. तुझ्या हातची होती म्हणून सगळी थापली.

नर्सबाईंनी आज जट उचलून आत पाहिलं. कातडी उघडी पडली आहे आणि वास येतोय. मग हातमोजे काढून बराच वेळ हात धूत राहिल्या. आईला संध्याकाळपासून कणकण आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि म्हणालेत की फार वाट पाहू नका.

लवकर कळव.
ताई


ता. २८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू ‘पांढरेशुभ्र’ असं लिहिलंस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

ताई, आईचे केस पांढरे कधी झाले? म्हणजे झालेच असणार, मला कळतं, पण ती रंगवायची ना? दर महिन्याला स्वयंपाकघरात खांद्यावर जुना टॉवेल टाकून बसायची, आणि मी आरसा धरायचे, आणि हात हलला की ओरडा खायचे. बाबा गेले तेव्हा, इतक्या वर्षांपूर्वी, मी आले होते, तेव्हासुद्धा काळेच होते; त्यानंतर तिनं रंग सोडला असणार. माझ्या डोळ्यांसमोर अजून तेच. मी ती बरणी त्या केसांसाठी बनवली. वर्षानुवर्षं रंगवलेला केस आतून पोखरलेला असतो, त्यातलं प्रथिन गळून गेलेलं असतं, म्हणून मी बारीक केलेलं प्रथिन भरपूर घातलं. पोकळ जागा भरते आणि केसाला बळ देते. पण रंग सोडून इतकी वर्षं झालेल्या पांढऱ्या केसात भरायला पोकळ जागाच नाही. त्याला तेल हवं होतं, ओलावा हवा होता, निसटतेपणा हवा होता. प्रथिन बाहेरच बसलं, आणि मी वर ऊब द्यायला सांगून ते पक्कं करवलं. केसात कमी काय ते आधी ठाऊक हवं, असं मीच तुला लिहिलं, आणि एका फोनवर विचारता येण्यासारखं होतं ते विचारलं नाही. मला वाटलं, आईच आहे, तिचं काय विचारायचं.

दुसरी बरणी कुरियरनं पाठवतेय. हिच्यात प्रथिनाचा कण नाही, नुसतं तेलकट आणि निसरडं आहे. टॉवेल कोमट घे, गरम नको. कडकपणा आधी साध्या कोमट पाण्यानं भिजवून ढिला कर. टोकाकडून सुरुवात कर, हे तुला मी काय सांगणार. दुधानं तोंड पोळलंय तेव्हा आधी एका बटेवर लावून बघ.

आणि साहेबांचं मी लिहिलं ते अर्धंच खरं होतं. मी हट्ट धरला असता तर त्यांनी सोडलं असतं. मला भीती वाटते, ताई. आई मला काहीतरी बोलणार, ओरडणार, हात हलवू नकोस म्हणणार, अशीच मला हवी आहे. ती नुसती बघत राहिली तर मी काय करू? बरणी पाठवणं सोपं होतं.

तिला सांगू नकोस की माझं चुकलं. किंवा सांग. तुला वाटेल तसं.
तुझी माया हक्कानं मागते.
ठमी


ता. ५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

दुसरी बरणी पोचली. खरी होती. एका बटेवर लावली, धुतली, पुन्हा धुतली, आणि केस रेशमासारखा राहिला. तुझ्या विद्येबद्दल माझ्या मनात शंका नाही, हे आधी लिहिते.

टोकाकडून सुरुवात केली. रोज थोडं थोडं. दोन बोटांत वरचा भाग धरायचा, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि खालून सुईनं एकेक केस काढायचा. मानेपर्यंतची जट मोकळी झाली. आई डावा हात मागे नेऊन सुटलेले केस चाचपायची आणि पुन्हा पुन्हा चाचपायची. झटक्यानंतर पहिल्यांदाच मला तिचा चेहरा आईचा वाटला.

पण ताप वाट बघायला तयार नव्हता. परवा सकाळी तो इतका चढला की तिला खोली ओळखू येईना. डॉक्टर आले, टाळूकडची जट उचलून बघितली आणि म्हणाले की जखम आजच्या आज उघडी करून धुवायला हवी, विष अंगात भिनायला लागलंय. इथं होत नसेल तर हॉस्पिटलात नेऊन मशीन फिरवू, पण आजच. मी विचारलं, दोन दिवस मिळतील का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुपारपर्यंत ताप थोडा उतरला आणि आईला सगळं कळायला लागलं. तेव्हाच कळायला नको होतं. तिनं माझ्या अॅप्रनकडे पाहिलं आणि जट मुठीत धरली. एका हाताची बाई, पण मूठ सुटेना. तिचा हात ओढून धरायचा आणि हॉस्पिटलात परक्या माणसानं मशीन फिरवायची, हे मला बघवलं नसतं.

मग मी काय केलं ते ऐक. मी तिला सांगितलं की ठमीची बरणी लावते, आज टाळूकडचं सोडवू. बरणी उघडून तिच्या नाकाशी धरली. कोमट टॉवेल ठेवला. तुझ्या भाऊजींना मी पार्लरमध्ये ड्रायर चालू ठेवून बसवलं होतं, कात्री ऐकू येऊ नये म्हणून. बिचारे रिकाम्या खुर्चीवर वारा सोडत बसले. मी हळूहळू चोळत राहिले. ऊब लागली तशी तिची मूठ सैल झाली, डोळे मिटले, श्वास लांब झाला. झोपली. माझ्यावर विश्वास ठेवून झोपली, ठमे. आणि मी कापलं. ती मोकळी केलेली लांब बटसुद्धा जटेबरोबर गेली, कारण दोन्हींचं मूळ एकच होतं. आजवर मी किती जणींचे केस कापले असतील, पण प्रत्येकीला आधी आरशात दाखवून, इथपर्यंत कापते म्हणून विचारून. आईचे तेवढे न विचारता.

जखम स्वच्छ झाली. ताप काल उतरला. डॉक्टर म्हणतात की धोका टळला, आता काळजी नाही. सगळे आनंदात आहेत. नर्सबाईंनी मला पाठीवर थोपटलं.

पण जाग आल्यावर आईचा हात डोक्याशी गेला. इथं तिथं फिरला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला जे दिसलं ते तुला लिहिता येत नाही. रडली नाही. तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून ती माझ्या हातून चमचाभर दूध घेत नाही. चमचा ओठाशी नेला की ओठ मिटते. नर्सबाईंच्या हातून थोडंसं जातं, पण त्या तासाभरासाठी येतात. भाऊजींकडे ती बघतही नाही, ड्रायर त्यांनी धरला हे तिला कसं कळलं देव जाणे. डॉक्टरांना वाटतंय ती वाचली. मला तसं वाटत नाही. तिच्या हिशोबानं तिचे केस कापले गेले आणि तिची पाळी आली, आणि ती वाट बघत पडली आहे.

पहिल्या बरणीचं मी तिला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सगळा दोष माझ्या नावावर राहू दे, त्यात तुझा फायदा नाही, तिचा आहे. ज्यानं तिला अजून फसवलेलं नाही असं एक माणूस तिला या घरात हवं आहे, आणि ते तूच उरली आहेस. म्हणून ये. भीती वाटते तर भीत भीत ये. ती ओरडणार नाही आणि बोलणारही नाही, तुला जी भीती होती तेच होईल, नुसती बघत राहील. बघू दे. तुझ्या हातून दूध घेईल असं मला वाटतं. नाही घेतलं तर मग काहीच करता येणार नाही, पण ते मला आत्ताच कळून घ्यायचं नाही.

आल्यावर तिच्या डोक्याकडे बघू नकोस. तिचा डावा हात अजून दिवसभर उठतो, टाळूपर्यंत जातो आणि तिथं काही नाही म्हणून परत येतो. दारातून आत आलीस की आधी तो हात धर.

माझ्यावर लोभ राहिला असेल तर राहू दे.
तुझी ताई